येसाजीरावांच्या घरचं जेवण

२ जानेवारी १९८५, बुधवार

ही डायरी येसाजीरावांनी दिली. कुठल्याशा खताच्या दुकानाची आहे. प्रत्येक पानाच्या तळाला शेतकऱ्याला एक सल्ला छापलेला. आजचा सल्ला, आंब्याच्या मोहरावर तुडतुडे आले असल्यास वेळीच फवारणी करावी. माझ्याकडे आंबा नाही, मोहर नाही, आणि तुडतुड्यांना खायला घालावं असंही काही उरलेलं नाही.

साजगावच्या कंपनीला टाळं लागून दोन दिवाळ्या झाल्या. मी कंपनीची स्टाफ बस चालवायचो. युनियन म्हणत होती टाळं उघडेल, आता युनियनच दिसत नाही. अशात काल येसाजीराव रस्त्यात भेटले आणि म्हणाले, सख्या, माझ्याकडं मॅटॅडोर हाय, तुझ्याकडं हात हाय. मुंबईची मंडळी रविवारी आणायची. सात-आठच माणसं, गर्दी नको. कर्जत स्टेशनवर घ्यायची, आपल्या भागात वाइन करणारे दोघं-तिघं आहेत त्यांच्याकडं फिरवायची, चव घेऊ द्यायची, दुपारी कुंभिवलीजवळ त्यांच्या मळ्यावरच्या घरी जेवण, संध्याकाळी परत स्टेशन. मी तिथल्या तिथं हो म्हणालो.

इंदूला सांगितलं. बायको ती, म्हणाली, "रोज विहारात पंचशील म्हनायचं आन् रविवारी दारूच्या गाडीवर जायचं?" मी म्हणालो, गाडी चालवणार आहे, पिणार नाही, आणि वाइन म्हणजे दारू नव्हे, मुरलेला फळांचा रस. तर म्हणते, "मग नासल्या दुधाला बासुंदी म्हना." या बाईपुढे बोलायची सोय नाही.

१३ जानेवारी, रविवार

पहिली फेरी झाली. आठ पाहुणे. चार जोडपी, सगळी शिकलेली, गॉगलवाली.

पहिला थांबा अंकलचा मळा. मुंबईचा ख्रिस्ती म्हातारा, सगळे त्याला अंकलच म्हणतात. जांभूळ आणि करवंदाची वाइन करतो, परवाना भिंतीवर काचेत लावलाय. पडवीत ओळीनं काचेच्या बरण्या, तोंडाला फडकं बांधलेलं. तो प्रत्येक बरणीपाशी थांबून ती कुठल्या झाडाची, कुठल्या पावसातली ते सांगतो, आणि पाहुणे पेला नाकाशी धरून डोळे मिटतात. दुसरा थांबा खालापूरच्या अलीकडचा डॉक्टर. दादरचा दवाखाना मुलाला देऊन इथं द्राक्षं लावलीत, त्याची लाल वाइन. तिथपर्यंत सगळं झकास.

मग जेवण. येसाजीरावांच्या घरच्या जानकीवहिनी मनानं साधी बाई, पण त्यांच्या हाताला चव नाही, हे त्यांच्या घरच्या मांजरालाही ठाऊक आहे. कोंबडीचा रस्सा असा पांचट की तळातली कोंबडी स्पष्ट दिसत होती. एक पाहुणा हळूच मला विचारून गेला की जवळ ऑम्लेट कुठं मिळेल का. येसाजीरावांचं तोंड उतरलं. मला वाटलं, संपला धंदा पहिल्याच दिवशी.

२० जानेवारी, रविवार

आज गंमत झाली. पाहुणे आत पांचट रस्सा चिवडत होते आणि मी बाहेर मॅटॅडोरच्या पायरीवर माझा डबा उघडला. वालाचं बिरडं, सुकट, तांदळाची भाकरी. एक बाई हात धुवायला बाहेर आल्या, वास आला तशा थांबल्या, म्हणाल्या, एक घास देता का? मी दिला. त्यांनी नवऱ्याला हाक मारली. मग एकेक करत सगळेच आले, उभ्या उभ्या भाकरीचे तुकडे मोडून बिरडं खाऊन गेले. माझ्या वाट्याला डब्याचं झाकण चाटायला राहिलं, पण पोट भरल्यासारखं वाटलं.

कुणीतरी येसाजीरावांपुढेही तुकडा धरला. ते म्हणाले, "आज माझा उपास हाय." रविवारी कसला उपास ते विचारलं नाही. ज्याचा देव त्याला ठाऊक.

इंदूला सांगितलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली. तिला असं हसताना बघून किती दिवस झाले.

२३ जानेवारी, बुधवार

येसाजीराव स्वतः आमच्या घरी आले. आमच्या वस्तीत ते पहिल्यांदाच आले असतील. इंदूनं अंगणात खुर्ची टाकली, चहा केला. त्यांनी आत्ताच घेतला म्हणून सांगितलं, खुर्चीवरही टेकले नाहीत. घाईत होते.

म्हणाले, यापुढे जेवण इंदूनं करायचं. आमच्या घरी करायचं, डब्यांत भरायचं, मी गाडीतून मळ्यावर न्यायचं. वाढायला जानकीवहिनी. पाहुण्यांना सांगायचं, येसाजीरावांच्या घरचं जेवण. मी जरा घुटमळलो तर म्हणाले, "सख्या, पाव्हन्याला यजमान लागतो. मळा माजा, घर माजं, मंग जेवन माज्या घरचं. यात खोटं काय हाय?"

मलाही त्यात खोटं काही दिसलं नाही. कंपनीत बस मी चालवायचो, पण बसवर नाव कंपनीचंच असायचं.

इंदूनं एकच विचारलं, "भांडी कुनाची?" येसाजीराव म्हणाले, तुमचीच वापरा, तिकडं आम्ही आमच्यात ओतून घेऊ. इंदूनं न प्यालेला चहा उचलला आणि मोरीत ओतला. खरं तर मी प्यायलो असतो.

२७ जानेवारी, रविवार

जिंकलो.

इंदू कालपासून राबत होती. भिजवून मोड आणलेले वाल सोलायला शेजारची ठकूबाई बसली होती. दोघींची नखं हिरवी झाली. पहाटे कोंबडीचा रस्सा झाला, त्याचा वास वस्तीच्या पार टोकाला गेला.

मळ्यावर मागच्या ओसरीला वहिनींनी पितळेची पातेली मांडून ठेवली होती. मी डब्यांतून वरून ओततो, त्या लांब उभ्या राहतात. त्यांना दम्याचा त्रास आहे, वाफ सोसत नाही. ओतून झालं की पातेली त्या आत नेतात. पाहुण्यांनी ताटं निपटून खाल्ली. एक जाड गुजराती शेठ वहिनींना म्हणाला की असं बिरडं त्यानं जन्मात खाल्लं नव्हतं. वहिनी लाजून, गोड मानून घ्या, म्हणाल्या. येसाजीरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

घरी आल्यावर इंदूला सगळं इत्थंभूत सांगितलं. शेठनं काय म्हटलं तेही. ती ऐकत होती, मग विचारते, "कुनाला म्हनला?"

मी म्हणालो, काय कुणाला?

"बिरडं चांगलं झालं, ह्ये तो कुनाला म्हनला?"

बायकांना दुधातला काळा केस शोधल्याशिवाय दूध गोड लागत नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

आज डॉक्टरचं बिंग फुटलं. पाहुणे वेलीखाली फोटो काढत होते म्हणून मी लघवीला मागं गेलो, तर गोठ्याआड लाकडी खोकी रचलेली. खोक्यांवर नाशिकच्या बागाईतदाराचा शिक्का. इथल्या वेलींना लागतात ती द्राक्षं पक्षीही खात नाहीत, आणि हा गृहस्थ पाहुण्यांना मूठभर माती उचलून दाखवतो आणि म्हणतो, या मातीची चव आहे ती. पाहुणेही म्हणतात, हो, लागतेय.

मला मनापासून संताप आला. राबायचं नाशिकवाल्यानं, उन्हातान्हात बाग जपायची त्यानं, आणि बाटलीवर नाव याचं. शिकल्यासवरल्या माणसाला लाज कशी वाटत नाही? घरी येऊन इंदूला सांगितलं, म्हटलं, बघ गं, जगात काय एकेक चालतं. वाटलं होतं हसेल. ती वाल निवडायला बसली. हल्ली तिचा स्वभाव बदललाय.

१७ मार्च, रविवार

मोह गळायला लागला तसा येसाजीरावांनी तिसरा थांबा वाढवला, घाटाच्या पायथ्याची ठाकरांची वाडी. तिथला चांगो माझ्या जुन्या ओळखीचा, कंपनीत हंगामी कामाला यायचा. त्याची बायको आवडी आणि बाकीच्या बायका पहाटे मोहाची फुलं वेचतात. पाहुण्यांनी फुलं वाळताना बघायची, एखादं तोंडात टाकायचं, एवढंच ठरलंय. चांगो घरची दारू विकत नाही. पण दारी आलेल्याला तो रिकामा धाडत नाही, आणि कायदा त्या चढावर सहसा चढत नाही. प्यायच्या आधी त्यानं वाडग्यातली धार जमिनीवर सोडली, जुन्या माणसांच्या नावानं. पाहुण्यांनी त्याचं नाव विचारलं, एकानं ते दोनदा म्हणवून घेतलं आणि लिहून घेतलं.

मी पीत नाही हे त्याच्या लक्षात होतं. मला त्यानं आत नेऊन बसवलं, त्याच्या बायकोनं रानातले करांद्याचे कंद उकडून दिले, पाणी दिलं. चांगो म्हणाला, "तुजी बायको रांधतं, मी आयकलाय. मंग ती कां नाय येत गाडीत?" मी म्हणालो, गाडीत जागा नसते. येसाजीराव वाडीत आले नाहीत, खाली गाडीपाशीच थांबले.

मळ्यावर जेवणं झाल्यावर डबे घ्यायला मागं गेलो. पातेल्यात अर्धा रस्सा उरला होता. गडी तो कुत्र्यांपुढे ओतत होता. चांगले चांगले तुकडे. म्हटलं, या उन्हात टिकला नसता. येसाजीरावांना सहज विचारलं, तुम्ही चाखून तरी बघता का कधी? म्हणाले, डॉक्टरनं तिखट बंद केलंय. वाईट वाटलं, माणूस खाण्याचा शौकीन आहे.

घरी इंदूनं विचारलं, उरलं का? मी म्हणालो, चाटूनपुसून खाल्लं.

३१ मार्च, रविवार

संध्याकाळी विहारात जयंतीची बैठक. दरवर्षीप्रमाणे बाबासाहेबांच्या फोटोचा टेंपो मी चालवायचा, असं न विचारताच ठरलं. एकदोघांनी टोमणे मारले. एकजण म्हणाला, सखाराम आता फक्त वास घेतो, पीत नाही. मी म्हटलं, तुझ्या बापानं पिऊन जेवढं घालवलं तेवढं मी वासावर कमवतोय. इंदू बायकांच्या बाजूला बसली होती. जयंतीला सगळ्या बायकांनी पांढरी साडी नेसायची, असं त्यांनी ठरवलं.

८ एप्रिल, सोमवार

येसाजीरावांनी बोलावून घेतलं. येत्या रविवारी मुंबईच्या पेपरातली बाई येणार आहे. ती लिहील, फोटो छापेल, मग पाहुण्यांना तोटा नाही. मी म्हणालो, रविवारी चौदा तारीख आहे, जयंती.

ते म्हणाले, "जयंती दरवर्षी येते रं. पेपरवाली येकदाच येनार." मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, संध्याकाळी मिरवणुकीला वेळेत सोडतो, हवं तर मॅटॅडोर घेऊन जा, सजव. एवढं कोण करतं? मी हो म्हणालो.

इंदूला सांगायला दोन तास लागले. सांगितल्यावर ती बराच वेळ चुलीतली राख सारखी करत होती. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुरू होणार. पण ती हळू आवाजात म्हणाली, "करते. जयंतीच्या दिशी करते. पन त्या बाईनं इचारलं, कुनी केलं म्हून, तर माजं नाव सांगा. येकदाच सांगा. मंग तुमी जन्मभर येसाजीच्या घरचं म्हना, मी काय बोलनार नाय."

सांगेन म्हणालो. त्यात काय अवघड आहे? येसाजीराव काही वाघ नाहीत.

१४ एप्रिल, रविवार

लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

पहाटे घाईत बिरड्याचा डबा घरीच राहिला. मळ्यावर ओतायला लागलो तेव्हा लक्षात आलं. रस्सा होता, सुकट होतं, भाकऱ्या होत्या, म्हटलं भागेल.

पेपरवाली बाई चांगली होती. तरुण, सुती साडी, सगळ्यांशी नीट बोलणारी. अंकलकडे, डॉक्टरकडे, चांगोकडे सगळीकडे ती नावं विचारत होती. जेवताना तिनं वहिनींना विचारलं, या रश्शाला वाटण काय? वहिनी गोंधळल्या. खोबरं, म्हणाल्या, आणि पुढं काही सुचेना. भाजलेलं की ओलं? वहिनी येसाजीरावांकडे बघायला लागल्या. बाई हसली आणि माझ्याकडे वळली. म्हणाली, "ड्रायव्हरसाहेब, तुम्हीच सांगा, खरं कोण करतं हे?"

येसाजीराव माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. हसऱ्या तोंडानं, विश्वासानं बघत होते. माझं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात अंगणाच्या कडेला इंदू दिसली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बिरड्याचा डबा. जयंतीची पांढरी साडी, छातीला बाबासाहेबांचा बिल्ला. ट्रकनं कुंभिवलीपर्यंत आली असणार, तिथून उन्हात चालत.

बाईनं विचारलं, "या कोण?"

मी म्हणालो, "त्या होय, त्या इथं भांड्याला असतात."

मला कुणी शिकवलं नव्हतं. येसाजीरावांनी डोळ्यानं खुणावलंही नव्हतं. प्रश्न आला आणि माझ्या तोंडून उत्तर आलं, गिअर पडावा तसं.

इंदूनं माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता बोलेल, सगळ्यांसमोर माझी शोभा करेल. केली असती तर बरं झालं असतं. ती मागच्या दारी गेली, डबा जमिनीवर ठेवला, पदर खोचला आणि हौदापाशी बसून पाहुण्यांची खरकटी ताटं घासायला लागली. सगळी घासली. पितळेची पातेली राहिली होती ती वहिनींनी लगबगीनं आत नेली, त्यांना तिचा हात लागू दिला नाही. मी ओसरीच्या खांबाला धरून उभा होतो.

पुढच्या दारी पेपरवाली बाई वहिनींचा फोटो काढत होती, पितळेच्या पातेल्यासकट.

पाहुण्यांना सोडून वस्तीत पोचलो तेव्हा मिरवणूक निघालेली. टेंपो ठकूबाईचा हिरू चालवत होता. मला कुणी हाक मारली नाही. बायकांच्या रांगेत इंदू होती, त्याच साडीत. पुढून साडीवर राखेचे डाग पडले होते, ओले हात पुसलेले दिसत होते. घोषणा देत ती माझ्या समोरून गेली. मी मॅटॅडोरला टेकून उभा होतो, येसाजीरावांच्या.

१५ एप्रिल, सोमवार

सकाळी चूल पेटली नाही. मी विचारलं, स्वयंपाक? ती म्हणाली, "भांडीवालीनं सैपाक करायचा नसतो." घरातली सगळी भांडी घासून लख्ख केली, फळीवर मांडली आणि जेवायला ठकूबाईकडे गेली.

रागात आहे. दोन दिवसांत उतरेल.

१७ एप्रिल, बुधवार

उतरला नाही. राग म्हणावा तर ती रागानं बोलतही नाही. अंघोळीचं पाणी काढते, कपडे धुते, विचारलं त्याचं उत्तर देते. ताट घासून माझ्यापुढे ठेवते, रिकामं. मी खोपोलीला स्टँडवर मिसळ खाऊन दिवस काढतोय. पोटात जळजळ होते आणि कुणाला सांगायची सोय नाही.

मी चुकलो हे मला कळतं. पण चुकलो म्हणायला गेलं की तोंडात दुसरंच येतं. आज म्हणालो, तुझ्यासाठीच करतोय ना हे सगळं? ती म्हणाली, "माज्यासाठी तुमी येक शबुद बोलनार व्हता."

१९ एप्रिल, शुक्रवार

रविवारचं ठरवायला मळ्यावर गेलो. इंदू करणार नाही, हे सांगताना मला घाम फुटला. येसाजीराव मात्र शांत होते. म्हणाले, बरं, नको करू दे, जानकी करेल, शिकली आता थोडं. पेपरात आलं की लोक नावावर येतील, चवीवर नाही. मग म्हणाले, "जेवला नसशील. बस, जेवून जा."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा म्हणाले. मला भरून आलं. वहिनींनी वाढलं, पिठलं आणि भात. पिठलं कच्चं होतं. भूक होती म्हणून खाल्लं, आणि येसाजीराव समोर बसून बिडी ओढत गप्पा मारत होते म्हणूनही खाल्लं.

घरी आलो. इंदूनं विचारलं, "जेवलात?" हो म्हणालो. कुठं? येसाजीरावांकडे, त्यांनीच आग्रह केला, असं जरा ठसक्यात सांगितलं.

"कुटं बसवलं?"

ओसरीवर.

"फुडच्या का मागच्या?"

मी म्हणालो, मागच्या, तिथं सावली असते.

मग म्हणाली, "ताट कुनी धुतलं?"

ताट मी धुतलं होतं. जेवण झालं, उठलो, हौदावर गेलो, ताट-पेला विसळला आणि भिंतीशी पालथा घालून आलो. कुणी सांगितलं नव्हतं. येसाजीराव बोलत होते, मी धुता धुता हूं हूं करत होतो. त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि मला तर तिनं विचारेपर्यंत मी धुतलं हेसुद्धा आठवत नव्हतं. माझा बाप अशीच ताटं धुवायचा. म्हणून त्यानं धर्म बदलला, मला शाळेत घातलं. मी युनियनच्या गेट मीटिंगला माईकवर बोललेला माणूस.

तिनं दुसऱ्यांदा विचारलंही नाही. बाहेर जाऊन बसलो. लाज अशी वाटत होती की कुणी समोरून आलं तर तोंड कुठं करावं कळेना. रविवार, उपास, दमा, तिखट, कुत्री, सगळं एकामागून एक डोळ्यापुढून गेलं. सगळं माझ्याच अक्षरात या डायरीत आहे. मी आंधळा नव्हतो. मला दिसत होतं आणि मी त्याला वेगळी नावं देत होतो.

ठरवलं, रविवारी सांगायचं. कुणीतरी विचारेलच, कोण करतं म्हणून. दर रविवारी कुणीतरी विचारतंच. तेव्हा सगळ्यांसमोर, येसाजीरावांसमोर सांगायचं, आजवर जे जेवण लोक बोटं चाटून खाऊन गेले ते माझ्या बायकोनं केलं, तिचं नाव इंदूबाई. मग गाडी गेली तरी चालेल. इंदूला आधी काही बोललो नाही. माझ्या सांगेनला आता काही किंमत नाही.

२१ एप्रिल, रविवार

सकाळी दाढी करताना वाक्य म्हणून बघितलं. धुतलेला सदरा घातला.

सात पाहुणे. अंकलकडे दोन पेले जास्त झाले, डॉक्टरकडे आणखी. चांगोच्या वाडीत जाऊन परतेपर्यंत ऊन डोक्यावर आलं आणि माणसं पेंगायला लागली. मळ्यावर पानं मांडली. येसाजीराव दारात उभे, वहिनी वाढत होत्या. मी आज बाहेर गेलो नाही, आतल्या खांबाशी उभा राहिलो.

पाहुण्यांनी रस्सा तोंडात घातला. भाकरी मोडली, ती तुटेना. एकानं मीठ मागितलं. एक बाई नवऱ्याशी क्रिकेटवर बोलत राहिली. निम्मी ताटं तशीच राहिली. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतो, आता विचारेल, हा विचारेल, ही विचारेल. पानं उठली, लोकांनी हात धुतले.

कुणी विचारलंच नाही. असलं जेवण कुणी केलं, हे कोण कशाला विचारेल?

न विचारता सांगता आलं असतं. येसाजीराव चार पावलांवर होते. वाक्य पाठ होतं. मी गाडी काढायला गेलो.

स्टेशनच्या वाटेवर मात्र राहवलं नाही. खालापूर मागं पडलं तेव्हा आरशात न बघता मोठ्यानं म्हणालो, "आजच्याआधी इथं जे जेवण मिळायचं ना, ते माझी बायको करायची. इंदूबाई तिचं नाव." मागं सगळे वाइनच्या गुंगीत माना टाकून झोपले होते. एक जागा होता. तो म्हणाला, "हो का? अहो, जरा गाडी बाजूला घ्या, लघवीला लागलीय."

घेतली बाजूला.

घरी आलो तेव्हा इंदू अंगणात भांडी घासत होती. मी समोर उकिडवा बसलो. म्हणालो, आज सांगितलं, तुझं नाव सांगितलं.

तिचा हात थांबला. "कुनाला?"

"पाव्हण्यांना. गाडीत."

"येसाजी व्हता?"

नाही म्हणालो.

तिनं ताटावर पाणी ओतलं, बोटानं चोळून बघितलं. "पाव्हनं जागं व्हतं?"

म्हणालो, एक होता.

तो काय म्हणाला, हे तिनं विचारलं नाही. तेवढं एक बरं केलं.